वगळलेल्या अकरा ओळी

प्रिय वुबित, रागावलेली असलीस तरी प्रियच,

हे पत्र फाडायच्या आधी कागद उलटा करून बघ. मी पाठकोऱ्या कागदांवर लिहितेय. पहिल्या कागदाच्या मागे अकरा नावं छापलेली आहेत, ती तू न वाचताही ओळखशील. ज्यांच्यासाठी तू मला फोन केला होतास आणि मी तुला उडवून लावलं होतं, तीच ही अकरा पोरं. त्यातली दहा सापडली. दहाही जणांना इंजेक्शन मिळालं. अकरावी, तिर्सित अस्मामाव, वय बारा, अजून सापडत नाही. आठ दिवस झाले. सकाळी उठले की आधी तिचं नाव आठवतं आणि मग कळतं की सकाळ झाली आहे.

अक्षर वेडंवाकडं येतंय, कारण टेबल नाही, गुडघ्यावर पुठ्ठा ठेवून लिहितेय. इथं जवळच कुणीतरी कॉफीचे दाणे धुतंय, आणि एक तांबडी कोंबडी माझ्या चपलेच्या पट्ट्याला चोच मारून बघतेय. दुपारच्या बसच्या आत मला हे संपवायचं आहे. म्हणून क्रम लागला नाही तर सांभाळून घे. क्रमाने लिहायची, रकान्यात बसवायची सवय मला आहे असं तू म्हणायचीस. आज ती सवय उपयोगाला येत नाही.

या पोरांचा आजार मला तूच समजावला होतास, आठवतं? तू नर्स म्हणून लागलीस आणि माझ्याकडे भाड्याने राहायला आलीस, त्या पहिल्याच पावसाळ्यात. मी तेव्हा आरोग्य कार्यालयात नुसती रुग्णांची कार्डं सांभाळणारी बाई होते. पेटीतून कार्ड काढायचं, पेटीत कार्ड ठेवायचं. एका संध्याकाळी मी विचारलं, या पोरांना दर चार आठवड्यांनी टोचत का बसता तुम्ही, आजारी तर दिसत नाहीत. तू माझ्या स्वयंपाकघराच्या दारापाशी गेलीस आणि ते दार उघड-मीट करत म्हणालीस, "ताई, हे दार आहे ना, तशीच दारं काळजात असतात. पोराचा साधा घसा धरतो, आई म्हणते थंडी लागली. मग गुडघे सुजतात, आई म्हणते पडला असेल. आणि तो ताप गुपचूप जाऊन दाराच्या बिजागऱ्या खातो. मग दार नीट लागतच नाही. इंजेक्शन म्हणजे बिजागरीला तेल. एका फेरीला घालायचं राहिलं की करकर सुरू." मी म्हणाले, "माझं दार कशाला हलवतेस, आधीच मोडकं आहे." तू म्हणालीस, "म्हणूनच दाखवतेय." ते दार अजून तसंच आहे. हल्ली रोज उघडताना मी जरा थांबते.

माझ्या आईने माझं नाव एतागेन्य ठेवलं. 'बहीण मिळाली' असं ते नाव, आणि मला तर बहीण मिळालीच नाही, मी एकटीच. तू दोन वर्षं माझ्याकडे राहिलीस आणि जाताना म्हणालीस, तुझ्या नावाला आता कुठे अर्थ आला. हे वाक्य मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं माझ्याकडे ते एकच होतं, आणि त्याचंही मी काय केलं बघ.

आता कॉम्प्युटरबद्दल सांगते. तुला कंटाळा येतो हे माहीत आहे, पण सगळं तिथेच घडलं. मागच्या वर्षी, नाताळानंतरच्या तिर महिन्यात तो प्रोग्रॅमवाला आला होता ना राजधानीतून, अदिसहून, परदेशी, उंच, सारखा मानेवरचा घाम पुसणारा. सगळ्या केंद्रांतली कार्डं गोळा करून खाली आणली, पेट्या गोदामात गेल्या, आणि माझ्या टेबलावर पडदा आला. मी त्रेचाळीस वर्षांची. ऑफिसच्या मोठ्या साहेबांनी, आतो सेबसिबेंनी, सरळ सांगितलं होतं, "वेइझेरो एतागेन्य, शिकलात तर तुमचं टेबल राहील. नाही शिकलात तर पेट्यांबरोबर तुम्हीही." त्यांना विनोद करायचा होता. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

म्हणून मी शिकले. तळमळीने शिकले. काम असं: केंद्रातून फाइल येते. फाइल म्हणजे काय, तर नुसत्या ओळी. एक पोर, एक ओळ. नाव, स्वल्पविराम, बापाचं नाव, स्वल्पविराम, कार्डाचा आकडा, स्वल्पविराम, पुढच्या इंजेक्शनची तारीख. वाचायला गेलं तर डोळे फिरतात. पण ती फाइल प्रोग्रॅमच्या तोंडी दिली, बटण दाबलं, की प्रत्येक स्वल्पविरामाशी ओळ तुटते आणि एकेक तुकडा आपापल्या चौकटीत जाऊन बसतो. नावाखाली नाव, तारखेखाली तारीख. चाळणीतून तेफचे बारीक दाणे पडावेत तसं सरसर. पहिल्यांदा ते झालं तेव्हा मला रडू आलं होतं, वुबित. खरंच. इतकी वर्षं मी पेटीत हात घालून धुळीत शोधत होते, आणि इथे चारशेच्यावर पोरं एका झटक्यात रांगेत उभी राहिली. मला वाटलं, मीच त्यांना उभं केलं.

महिन्याच्या शेवटी जुना तक्ता पुसायचा आणि नवी फाइल भरायची. त्या तक्त्यावरून छापलेली यादी केंद्राला जायची, यादीत जितकी नावं तितक्याच औषधाच्या कुप्या. आणि केंद्राला भरायला जाणारी पुढच्या महिन्याची फाइलही त्याच तक्त्यातून निघायची. म्हणजे एकदा जी ओळ गळली ती पुढे आपोआप गळतच राहणार. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण ओळ गळू शकते, हे काही माझ्या मनाला शिवलं नाही.

नेहासे महिन्याचा शेवटचा दिवस. नवं वर्ष सहा दिवसांवर आलं होतं. मी घराच्या पत्र्यावर बेरबेरेच्या मसाल्यासाठी मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि ऑफिसच्या खिडकीतून डोंगरावर ढग चढताना दिसत होते. मी फाइल आत घेतली. पडद्यावर छोटी चौकट आली. 'चारशे सतरा ओळी आल्या. अकरा वगळल्या.' खाली एकच बटण, 'ठीक'. दरवेळी ती चौकट यायचीच, दरवेळी वगळलेल्या शून्य असायच्या. त्या दिवशी शून्य नव्हतं, हे मी पाहिलं. पाहिलं, वुबित. पाहिलं नाही असं मी तुला सांगू शकले असते, कुणाला कळलं नसतं. मी अकरा हा आकडा पाहिला, मिरच्यांचा विचार केला आणि 'ठीक' दाबून पळाले. मिरच्या वाचल्या. यंदाचं माझं बेरबेरे फार छान लाल झालंय. मी ते अजून एकदाही वापरू शकले नाही.

दुसऱ्याच दिवशी तुझा फोन. पागुमेचे दिवस लागले होते, तुमच्या शोला मेदा केंद्राचा इंजेक्शनचा गुरुवार दोन दिवसांवर होता. "ताई, माझ्याकडची तेवीस पोरं आहेत आणि यादीत बाराच. अकरा कुठं गेली?" मी म्हणाले, यादीत नाहीत म्हणजे नाहीत, दुसऱ्या केंद्रात नाव लावलं असेल. तू हसलीस. "अकराच्या अकरा पोरं एकाच दिवशी शोला मेदा सोडून गेली? मग वाटेत वरात तरी दिसली असती मला." मला ते लागलं. मी म्हणाले, कॉम्प्युटरला तुझ्यासारखी वाद घालायची सवय नाही, तो जे आहे तेच दाखवतो. तू म्हणालीस, "ताई, एकदा बघ तर खरं." मी बघितलं. तक्त्यातच बघितलं. जिथे ती नव्हती तिथेच त्यांना शोधलं आणि नाहीत म्हणून सांगितलं.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तू राखीव कपाटातल्या कुप्या काढल्यास आणि आपल्या निळ्या वहीतून वाचून त्या अकरांना टोचलंस. एकदा पागुमेत, एकदा नवं वर्ष लागल्यावर मेस्केरेममध्ये. बावीस कुप्या. मोजदादीत बावीस कमी भरल्या, आणि साहेबांना वाटलं तू बाजारात विकल्यास. चौकशीच्या दिवशी तू ती वही घेऊन उभी होतीस. मागच्या बाजूला पाढे छापलेली शाळकरी वही. तिच्यात तू पत्ते कसे लिहायचीस! 'गिरणीमागचं घर, पिवळा कुत्रा चावतो.' 'आजी बहिरी, दगड मारून हाक मारणे.' साहेबांनी ती उघडलीसुद्धा नाही. "वहीत काय, कुणीही काहीही लिहितं," म्हणाले. आणि मला म्हणाले, तक्ता छापून द्या, खाली लिहा की ही अकरा नावं नोंदीत नाहीत, सही करा. मी छापलं. प्रिंटरमधून कागद बाहेर येत होता तोपर्यंत मी प्रिंटरकडेच बघत राहिले. तू माझ्याकडे बघत होतीस. मान वळवली नाही तरी माणसाला ते कळतं. मी सही केली. खोटी नव्हती ती सही, असं मी स्वतःला महिनाभर समजावत होते. नोंदीत नव्हतीच ना ती नावं.

तुला निलंबित करून घरी पाठवलं. तुझ्या जागी आलेला मुलगा सरळ आहे, यादीत बारा असतील तर बारा टोचतो. म्हणजे मेस्केरेमनंतर, तिकेम्तपासून त्या अकरा जणांना कुणी हाक मारली नाही. तीन फेऱ्या.

कळलं कसं, ते ऐक. नाताळ होऊन गेल्यावर, शेजारच्या टेबलावरची मंतेगबोश पगाराची चिठ्ठी हातात धरून कुरकुरत होती. तिचं नेहमीचंच रडगाणं, की पागुमेचे पाच दिवस आपण फुकट राबतो, बारा महिन्यांचे बारा पगार आणि तेराव्याला ठेंगा. कुणीतरी चिडवलं, "अगं, पाच दिवसांचा कुठे महिना असतो का?" ती म्हणाली, "बरोबर आहे बाबा, ज्याला पगार नाही तो महिनाच नाही." सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता थांबले. कारण तो विनोद माझा होता.

मागच्या वर्षी तो घाम पुसणारा प्रोग्रॅमवाला मलाच विचारत होता. तक्त्यात तुमच्या तारखा बसवायच्या आहेत, तुमच्या महिन्यांना दिवस किती? मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, तीस. सगळ्यांना तीस. तुमच्यासारखं कधी अठ्ठावीस कधी एकतीस असलं आमच्यात नाही. त्याने विचारलं, आणि महिने? मी म्हणाले, बारा पगार, बारा महिने. साहेब हसले, तोही हसला आणि लिहून घेतलं. वुबित, खोटं बोलायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं. पागुमेला आपण महिना म्हणतो कुठे? ते दिवस. घर सारवायचे, मिरच्या कांडायचे, संत राफाएलच्या दिवशीच्या पावसात पोरांना भिजवायचे. वर्ष संपलेलं असतं आणि दुसरं लागलेलं नसतं. शाळेतल्या पोराला विचारलं तर तेरा म्हणेल. पण वीस वर्षं ऑफिसात पगार घेतलेली बाई बारा म्हणते.

त्या प्रोग्रॅमला बाराच महिने ठाऊक. तेराव्याची तारीख दिसली की ती ओळ तो बाजूला ठेवायचा. तुमचा तो गुरुवार पागुमेची तीन तारीख होती, राफाएलचा दिवस. तुझ्या बाकीच्या बारा पोरांची पाळी दोन आठवड्यांनंतरच्या गुरुवारी, मेस्केरेममध्ये होती, म्हणून तेवढी यादीत राहिली. दुसऱ्या कुठल्याच केंद्राचा वार त्या पाच दिवसांत पडला नाही. म्हणून दुसरं कुणी विचारलं नाही. आणि तू विचारलंस, तर तू चोर ठरलीस.

त्या ओळी त्याने फेकल्याही नव्हत्या, हे मला सगळ्यात जास्त खातं. फाइलीशेजारीच एक लहानशी फाइल करून तो त्या ठेवत होता, 'वगळलेल्या' नावाची. चार महिने ती तिथे होती. मी रोज तिच्यावरून नजर फिरवून पुढे जात होते. उघडली तर अकरा ओळी, सगळे स्वल्पविराम जागच्या जागी, सगळ्या तारखांत तीन आणि तेरा. मी एकेकीची तारीख हाताने बदलली, पुन्हा आत घेतलं. वगळलेल्या शून्य. तक्त्याच्या तळाशी अकरा नावं येऊन बसली, अगदी मुकाट्याने, जशी काही शाळेला उशीर झाला म्हणून मागच्या बाकावर बसतात. मी तिथे किती वेळ बसले कोण जाणे. मंतेगबोश दोनदा येऊन विचारून गेली, "बाई, बरं नाही का?"

मग फोन. वरच्या प्रत्येक वस्तीतल्या आरोग्यसेविकेला फोन. नावं होती, घरं माहीत नव्हती, घरं तुझ्या वहीत. तरी एकेक सापडत गेलं. पहिल्या दिवशी चार. बहिऱ्या आजीचा नातू दुसऱ्या दिवशी, त्याला ताप होता आणि दोन्ही गुडघे सुजलेले. त्याला मोठ्या इस्पितळात नेलं, परवा कळलं की तो उठून बसतो, शिरोच्या आमटीत जरा जास्त तिखट घाला म्हणून भांडतो. तुला ऐकून हसू येईल. मलाही आलं. त्याच्या दाराच्या बिजागऱ्यांचं काय झालंय ते डॉक्टर पुढच्या महिन्यात सांगणार आहेत. जे सांगतील ते माझं. बाकीचेही मिळाले, शेवटचा मंगळवारी. राहिली तिर्सित.

तिच्या घराला कुलूप आहे. आई नाहीच, बाप तिळाच्या कापणीला खालच्या मुलखात गेला तो परतला नाही. शेजारीण फोनवर म्हणाली, "पोर इथे नाही. कुणी बाई घेऊन गेली तिला." कोण बाई? "आता सगळ्यांची नावं मी विचारत बसू का? चांगली वाटली. पोरीची वेणी घालून दिली तिने निघायच्या आधी." एवढंच. आणि पुढे ती म्हणाली की पोरीला चढावर दम लागतो, विहिरीपर्यंत जाताना तीनदा बसते. तेव्हापासून वुबित, मी जिथे जाईन तिथे बारा वर्षांच्या मुली चढ चढताना बघते. काल बाजारात एका मुलीच्या मागे मी दोन गल्ल्या गेले. तिने वळून विचारलं, "काय झालं, मावशी?" काय सांगणार होते? पाठीला धाप दिसते का, ते बघत होते.

साहेबांना सगळं सांगितलं. लिहून दिलं, पाच मुद्दे, खाली सही, या वेळी कागदाकडे बघून केली. ते बराच वेळ वाचत बसले. म्हणाले, "वेइझेरो, तीमकतचा सण होऊन जाऊ दे. सणाच्या तोंडावर कुणाला हे नको आहे. आणि तुम्हीही विचार करा. वीस वर्षं झाली तुम्हाला." मी म्हणाले, पोरांची चौथी फेरी सणानंतर आठवड्याभरात आहे, आणि एक पोर हरवलेलं आहे. ते म्हणाले, "त्यात सणाचा काय संबंध?" मी नक्कल विभागाच्या कार्यालयाला पाठवली. पोहोचल्याची पावती मिळाली आहे. तिसऱ्या कागदाच्या मागे तीच नक्कल आहे, वाच. 'वुबित केबेदे यांनी घेतलेल्या बावीस कुप्या अकरा रुग्णांना दिल्या गेल्या, त्या रुग्णांची नावं माझ्या चुकीने नोंदीतून गेली' असं मी लिहिलं आहे. 'माझ्या चुकीने' ऐवजी मंतेगबोश 'यंत्राच्या चुकीने' सुचवत होती. फार चांगली बाई आहे ती. पण यंत्राने तर मला अकरा आकडा दाखवला होता.

मी घाबरलेली नाही असं समजू नकोस. ते टेबल गेलं तर मी सकाळी उठून कुठे जाणार, हे मला माहीत नाही. पण ती भीती आता दुसरी आहे, छोटी आहे. मोठी भीती बारा वर्षांची आहे आणि ती कुठे आहे ते मला ठाऊक नव्हतं.

ठाऊक नव्हतं, असं लिहिलं, कारण हे वाक्य लिहायच्या जरा आधीपर्यंत खरंच नव्हतं. आता सांगते, वुबित. मी पहाटेच्या बसने दिंगाय बेरला आले आहे. तुझ्या घराच्या ओसरीवर, तुझ्या खोलीच्या भिंतीला टेकून बसले आहे. मी आवाज दिला तेव्हा तू आतून कडी लावलीस, ती मी ऐकली. तुझी आई, एमामा, म्हणाली, "ती येणार नाही. तू मात्र कॉफी घेतल्याशिवाय जायचं नाहीस, शत्रू असलीस तरी." म्हणून मी लिहायला बसले. निळी वही मागायला आले होते मी. म्हटलं वहीत तिर्सितचं घर असेल, मामाबिमा कुणी असेल, काहीतरी धागा मिळेल. पहिली कॉफी एमामांनीच दिली, दुसरीही. तिसरी घेऊन एक मुलगी आली. पाटावर पेला न सांडता ठेवायचा म्हणून जीभ दातात धरून. उंबरा चढताना ती थांबली, एक हात चौकटीला लावला, दोन श्वास घेतले आणि मग पाय उचलला. वेणी नीट घातलेली. मी काही विचारायच्या आधीच तिने माझ्या कागदाकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही कॉम्प्युटरच्या बाई ना? वुबित सांगते, तुमच्या यंत्रात मी मावत नाही." मग तिनेच विचारलं, "आता मावते का?" मी म्हणाले, मावतेस, सगळ्यात शेवटची ओळ तुझी. ती म्हणाली, "शेवटची का? मी पहिल्या बाकावर बसते." आणि रिकामे पेले घेऊन आत गेली, दोन श्वास घेऊन. एमामा निखाऱ्यांकडे बघत होत्या. मुद्दाम पाठवली की काय, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मग हळूच म्हणाल्या, "दोनदा वुबितने विकतचं औषध आणून टोचलं. मागच्या वेळी मिळालंच नाही कुठे." म्हणून हे पत्र आता वही मागायचं राहिलं नाही. माझ्या पिशवीत चार कुप्या, औषधात मिसळायचं पाणी, सुया आहेत. तिर्सितच्या नावावर, माझ्या सहीने काढलेल्या, तुझ्यावर कुणी बोट ठेवणार नाही. मी त्या तुझ्या उंबऱ्यावर ठेवते आहे. मला सुई धरता येत नाही, वुबित, मला नुसती बटणं दाबता येतात. दार माझ्यासाठी उघडू नकोस. हे पत्र दाराखालून सरकवलं की मी उठून पलीकडे कोंबड्यांपाशी जाऊन बसेन, अंगणाकडे पाठ करून. तू बाहेर ये, तिला टोच आणि वाटलं तर पुन्हा कडी लाव. फक्त एक कर. तक्त्यात तिच्या ओळीची एक चौकट अजून रिकामी आहे, मागचं इंजेक्शन कधी दिलं ती. या कागदाच्या कोपऱ्यावर आजची तारीख लिही आणि तो ओसरीवर ठेव. दुपारची बस गेली तरी मी थांबेन.

तुझीच, भिंतीच्या अलीकडे बसलेली,
एतागेन्य